परदेशी सहलीत दिवसभर फोन कशाला? रात्रीचं वायफाय पुरे

निवृत्त_मास्तर (धागाकर्ता)

मे महिन्यात आम्ही दोघं अकरा दिवसांची युरोप सहल करून आलो. पॅरिस, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, शेवटी व्हेनिस. गटात सांगली, मिरज, कोल्हापूरचे मिळून तीस जण. निघण्याआधी विश्रामबागला सहलवाल्यांची मीटिंग झाली. त्यात पासपोर्ट, औषधं, गरम कपडे यावर दहा मिनिटं गेली आणि कुणी कुठला रोमिंग पॅक घ्यायचा यावर पाऊण तास. मी पॅक घेतला नाही. विमानात बसताना फोन एअरप्लेन मोडवर टाकला तो परत येईपर्यंत तसाच. हॉटेलात पोचलो की वायफाय लावायचं, पंधरा मिनिटं घरी बोलायचं, संपलं.

युंगफ्राऊयोखचा किस्सा सांगतो. 3,454 मीटर उंची. आयगर डोंगराच्या पोटातून बोगदा खणून 1912 साली तिथवर रेल्वे नेलेली आहे. स्टेशनातून बाहेर आलो तर समोर नजर पोचेल तिथवर हिमनदी. बोलायलाच सुचेना. आणि शेजारी आमच्या गटातले एक गृहस्थ हिमनदीकडे पाठ करून व्हिडिओ कॉलवर. "दिसतंय का? अगं बर्फ! नाही नाही, खरा बर्फ!" पलीकडून आवाज आला, "ते राहू दे, लाइटबिल कुठं ठेवलंय?" मग पुढची सहा-सात मिनिटं लाइटबिलाचा शोध. टीव्हीखालचा ड्रॉवर, त्यात निळी फाईल, त्याखाली. सापडलं तोवर परतीच्या गाडीची वेळ झाली होती.

माझं म्हणणं इतकंच, आपण गावाला गेलोय हे घराला कळू दे. अकरा दिवस घर आपलं आपण चालतं. तुमचं काय मत?

सूनबाई_विश्रामबाग

मास्तर, युरोपात रात्री नऊला तुम्ही जेवून हॉटेलात येता, तेव्हा सांगलीत साडेबारा वाजलेले असतात. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो. आमचे सासरे असेच "रात्रीचं वायफाय"वाले. त्यांची पंधरा मिनिटं व्हायची, माझी झोप जायची. सकाळी सहाला नळाला पाणी येतं, ते कोण भरणार?

आणि बोलणं काय, तर सूचना. टाकी भरली का, मागचं दार लावलं का, तुळशीला पाणी घातलं का. रात्री साडेबाराला तुळशीला पाणी घातलं का म्हणून विचारतात हो! दिवसा पॅक असता तर दुपारी दोन ओळींचा मेसेज आला असता, मीही सवडीनं उत्तर दिलं असतं. रोमिंग पॅक जाणाऱ्यासाठी नसतो, मागं राहिलेल्यासाठी असतो, असं माझं स्पष्ट मत झालंय.

तासगावचा_बागायतदार

मास्तर, तुम्हाला पेन्शन हाय, म्हणून एअरप्लेन मोड जमतो. आमचं ऐका.

फेब्रुवारीत बर्लिनला फळांचं मोठं प्रदर्शन भरतं, फ्रूट लॉजिस्टिका. जगातला खरेदीदार तिथं भेटतो, म्हणून जायचं. पण तोच महिना आमच्या द्राक्षांच्या तोडणीचा. मी बर्लिनात, टोळी बागेत, माल पॅकहाऊसला, कंटेनर न्हावाशेव्याच्या वाटेवर. सकाळी टोळीच्या मुकादमाचा फोन येतो की ढग आलेत, तोडू का थांबू? त्याला रात्री वायफायवर सांगतो म्हणू? तवर घडात पाणी शिरून मणी तडकायला लागत्यात.

मी काय करतो ते सांगतो. रॉटरडॅमला उतरून तिथलंच सिम घेतो, कारण आमचा मालही तिथंच उतरतो. ते सिम जर्मनीत, फ्रान्सात तसंच चालतं. युरोपियन युनियननं 15 जून 2017 पासून आपल्या देशांमधलं रोमिंगचं जादा शुल्क काढून टाकलंय. मात्र स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, हे मला पैसे जाऊन कळलं. जर्मनीतनं रेल्वेनं बासेलला गेलो, स्टेशनात शिरता शिरता फोननं स्विस नेटवर्क धरलं आणि मी नुसता बागेचा व्हिडिओ बघत होतो तर सगळा बॅलन्स गायब. सिम घेताना पाकिटावरची देशांची यादी वाचायची, नाहीतर सीमेवर डेटा बंद करायचा. कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही, यादीत लिहिलेलं होतं.

निवृत्त_मास्तर

बागायतदार, तुमचं मान्य. तुम्ही कामाला जाता. मी सहलीबद्दल बोलतोय.

सूनबाई, साडेबाराचा मुद्दा लागला. तो माझ्या लक्षात आला नव्हता, आमच्या सूनबाईंनी कधी म्हटलं नाही. सकाळी सातला लावला असता तर इथे साडेदहा. पुढच्या वेळी तसं.

बँकेतला_पेन्शनर

सगळे बोलण्याबद्दल बोलताहेत, ओटीपीबद्दल कोणी बोलत नाही. माझी चाळीस वर्षं बँकेत गेली, म्हणून सांगतो. परदेशात भारतीय नंबर बंद पडला की तुम्ही तुमच्याच खात्याच्या दाराबाहेर उभे. कार्ड वापरा, मुदत ठेव मोडा, विम्याचा हप्ता भरा, ओटीपी येणार तो इथल्या नंबरवर. यूपीआय तर फोनमधल्या सिमला बांधलेलं असतं.

बरेच जण काय करतात? तिथलं सिम घालायचं म्हणून आपलं काढतात. आमच्या हिनं सिंगापूर विमानतळावर साडीच्या पिनेनं फोनचा ट्रे उघडला, आपलं सिम काढून कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं, आणि दोन तासांनी त्याच रुमालानं नाक पुसून तो कचऱ्यात टाकला. परत येईपर्यंत एकही ओटीपी नाही. सांगलीत येऊन नवीन सिम काढेपर्यंत गॅसचं बुकिंगसुद्धा मुलाच्या नंबरवरून.

तेव्हा आपलं सिम जागेवरच ठेवा. निघण्याच्या आठवडाभर आधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा चालू करून घ्या, प्रीपेड असेल तर ते आवर्जून विचारा. डेटा रोमिंगचं बटण बंद ठेवा. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, तरी आपल्या कंपनीचा दर पाहून घ्यावा. मास्तरांसारखा एअरप्लेन मोड लावला तर वायफायवर व्हॉट्सॲप येईल, पण बँकेचा एसएमएस त्या भरवशावर सोडू नका.

कोडवाली_मिरज

काका, आता रुमालाची गरजच नाही. ई-सिम घ्या. आपलं सिम ट्रेमध्ये राहतं, परदेशातलं फोनच्या आतच उतरतं. घरी बसून क्यूआर कोड स्कॅन करायचा, तिथे उतरल्यावर चालू करायचं. फोनमध्ये ती सोय आहे का हे बघायला *#06# डायल करा. आयएमईआय म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर आहे. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर राहतं. ते "नंबर बदलायचा का" म्हणून विचारेल, नाही म्हणायचं. इथेच निम्मे काका-काकू हो म्हणतात आणि मग गावभर विचारतात, आमचे ग्रुप कुठे गेले.

विटेकर_दुबई

"रात्रीचं वायफाय पुरे" हे युरोपात ठीक. मास्तर, आमच्याकडे या. इथे व्हॉट्सॲपचा मेसेज जातो, फोटो जातो, कॉल लागत नाही. अमिरातीत ते कॉल बंदच ठेवलेत, परवानगी असलेली वेगळी ॲप वापरावी लागतात. माझे आईवडील पहिल्यांदा आले तेव्हा हॉटेलचं वायफाय झकास होतं, आणि आई तासभर विट्याला कॉल लावत बसली होती. तिला वाटलं धाकट्याच्या घरी काहीतरी झालंय, म्हणून कोणी उचलत नाही. चीनला जाणाऱ्यांनी तर आणखी जपावं. तिथल्या वायफायवर व्हॉट्सॲप आणि गूगल दोन्ही उघडत नाहीत. आपल्या सिमच्या रोमिंगवर मात्र चालतात, कारण तो डेटा आपल्या देशातल्या कंपनीकडून फिरून येतो. तिथे महाग पॅकच कामाचा.

जुना_मस्कतवाला

मी मास्तरांच्या बाजूनं. 1986 ते 93 मस्कतला होतो. महिन्याला एक पत्र, दिवाळीला एक फोन, तोही शेजाऱ्यांच्या घरी. ते आईला बोलवायला पळायचे, तोवर इकडे मीटर पळायचा. आई फोनवर आली की तीन मिनिटांतली दोन "ऐकू येतंय का" यात. काही बिघडलं नाही. आता मुलगा कॅनडातून रोज फोन करतो आणि दोघांनाही बोलायला काही नसतं. जेवलास का, जेवलो.

सूनबाई_विश्रामबाग

मस्कतवाले काका, माझे वडीलही त्याच वर्षांत कुवेतला होते. आजी गेल्याचं पत्र त्यांना मिळालं तेव्हा इथे तेरावं होऊन गेलेलं. "जेवलास का, जेवलो" यात मला तरी काही कमी वाटत नाही.

जुना_मस्कतवाला

ताई, यावर बोलायला माझ्याकडे काही नाही. शब्द मागे.

मास्तरांची_सौ

हे माझ्या स्वतःच्या फोनवरून लिहितेय, त्यात पॅक होता. मुलानं घालून दिला होता, ह्यांना आता कळेल.

ह्यांनी युंगफ्राऊचं लिहिलं, व्हेनिसचं लिहायचं राहिलं वाटतं. सेंट मार्कच्या चौकात घड्याळाचा मनोरा आहे, त्यावर दोन काळे ब्राँझचे पुतळे घणानं घंटा वाजवतात. तास व्हायला बारा मिनिटं होती. गट बोटीकडे निघाला आणि हे ते पुतळे बघायला थांबले, कुणाला न सांगता. बोटीशी मोजणी झाली तर एक माणूस कमी. ह्यांचा फोन एअरप्लेन मोडवर. टूरवाला पोरगा लावून लावून दमला. त्या चौकात माणूस शोधणं म्हणजे गणपतीत देवळासमोर शोधण्यासारखं. शेवटी मी आणि तो पोरगा परत आलो. हे त्याच मनोऱ्याखाली मान वर करून उभे, म्हणतात, "बरं झालं आलीस, आता पाच मिनिटांत पुन्हा वाजेल." एक तास तिथे उभे होते! अठ्ठावीस माणसं बोटीपाशी उन्हात ताटकळलेली.

आणि ते लाइटबिलवाले गृहस्थ? त्यांच्याच हॉटस्पॉटवर ह्यांनी त्या रात्री बसमध्ये मॅचचा स्कोअर बघितला.

तासगावचा_बागायतदार

😂 मास्तर, वहिनींनी मॅच काढली.

निवृत्त_मास्तर

स्कोअर त्यांनी आपणहून दाखवला, मी मागितला नव्हता. व्हेनिसबद्दल चूक कबूल. पण तो मनोरा मी पाहिला तसा गटात कोणी पाहिला नाही, हेही खरं. पुतळ्यांपैकी एक म्हातारा आहे आणि एक तरुण, हे किती जणांना दिसलं? पुढच्या वेळी फोन चालू ठेवीन, येणाऱ्या कॉलपुरता. व्हिडिओ कॉलला अजून विरोधच.

बँकेतला_पेन्शनर

येणारा कॉलही रोमिंगवर फुकट नसतो मास्तर. पॅकमध्ये किती मिनिटं आहेत ते बघा. आणि टूरवाल्याचा, हॉटेलचा नंबर कागदावर लिहून खिशात. फोनची बॅटरी व्हेनिसमध्येच संपते.

पलूसची_लेक

धागा वेळेवर आला. माझे आईबाबा पुढच्या महिन्यात दादाकडे न्यू जर्सीला चाललेत, चार महिन्यांसाठी. बाबांचा फोन बराच जुना, बटणांचा. त्यावर रोमिंग घेतलं तर चालेल का?

कोडवाली_मिरज

ताई, नको. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी 2022 मध्ये थ्रीजी बंद केलं. फोरजीवरून कॉल न होणारा फोन तिथे नुसता खिशात राहतो. चार महिने म्हटल्यावर रोजचा रोमिंग पॅकही परवडत नाही. बाबांना फोरजी किंवा फाइव्हजीचा साधा स्मार्टफोन घ्या. दादाला म्हणावं त्याच्या फॅमिली प्लॅनमध्ये त्यांची लाइन टाक. भारतीय सिम दुसऱ्या खाचेत, ओटीपीसाठी, आणि त्याची वैधता मधेच संपू देऊ नका. इथून रिचार्ज मारत राहा. फोन आत्ताच हातात द्या, महिनाभर सवय होऊ दे.

पलूसची_लेक

धन्यवाद! फोन उद्याच घेते. आईचं म्हणणं, रोज व्हिडिओ कॉल हवाच. बाबांना हा धागा वाचून दाखवला तर ते म्हणतात, मास्तर बरोबर बोलतायत, रात्री नऊला एकदाच लावू.

सूनबाई_विश्रामबाग

लावू दे. न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा. पाणी भरून झालेलं असतं.