ओरिजिनल बीएल (बिल ऑफ लेडिंग, माल सोडवायचा कागद) माझ्या कपाटात अन् कांदा दुबईत विकून मोकळा, आता धरायचं कोणाला?

निफाडकर_कांदा
नमस्कार मंडळी. कांदा एक्स्पोर्ट करतो, जास्त करून गल्फ. मार्चएंडला एक 40 फुटी रीफर (थंड कंटेनर), 29 टन, न्हावा शेवावरून दुबईच्या जेबेल अली बंदराला पाठवला. टर्म सीएफआर, म्हणजे भाडं मीच भरलं. पार्टी नवी म्हणून 30 टक्के ॲडव्हान्स घेतला अन् बाकी डीपी, कागद बँकेतून जाणार, पैसे भरा अन् कागद न्या. पार्टीने कागद उचललेच नाहीत, तिन्ही ओरिजिनल बीएल बँकेतून परत आले. मला वाटलं डबा तिकडंच पडून असंल, डिमरेज (डबा थांबल्याचा दंड) चढत असंल, म्हणून शिपिंग लाइनच्या साइटवर नंबर टाकून बघितला तर काय, एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात 'एम्प्टी रिटर्न'! माल काढून रिकामा डबा परत पण करून टाकला. बीएल नसताना माल सोडला कसा? फॉरवर्डर (ज्याच्यामार्फत माल बुक केला तो) म्हणतो तिकडच्या एजंटला विचारतो, एजंट मेलला उत्तर देत नाही, पार्टी म्हणते माल खराब निघाला. साडेसात-आठ लाख अडकलेत अन् वर बँक रोज विचारते की ईडीपीएमएसला (एक्स्पोर्टचे पैसे आले का याची रिझर्व्ह बँकेची नोंद) एन्ट्री ओपन दिसतीय, पैसे कधी येणार. तालुक्याच्या वकिलाने सांगितलं तीन वर्षं मुदत आहे, घाई नको. खरंय का? बीएलच्या मागं बारीक अक्षरात जे छापलंय ते भिंग घेऊन पण वाचता येईना.

उरणचा_सीएचए
दादा, पहिलं सांगा बीएलवर नाव कोणाचं छापलंय, लाइनचं का फॉरवर्डरचं? फॉरवर्डरचं असंल तर तो हाउस बीएल झाला. लाइनने मास्टर बीएल वेगळा काढलेला असतो, त्यात शिपर (माल पाठवणारा) तुमचा फॉरवर्डर अन् कन्साइनी (माल घेणारा) त्याचा दुबईचा एजंट, तुमचं नाव कुठंच नाही. मास्टर बऱ्याचदा सी-वेबिल नाहीतर सरेंडर असतो, म्हणजे तिकडं ओरिजिनल दाखवायची गरजच नाही, त्यामुळे एजंटला लाइनकडून माल सुटायला काहीच अडचण येत नाही. पार्टीला डीओ (माल सोडायची डिलिव्हरी ऑर्डर) द्यायच्या आधी तुमचा हाउस बीएल गोळा करायचं काम त्या एजंटचं होतं, अन् इथंच माशी शिंकली असणार. अजून एक, तुमच्याकडून किंवा तुमच्या ऑफिसातल्या पोराकडून 'टेलेक्स रिलीज करा', म्हणजे ओरिजिनल न घेता माल सोडा, असा एखादा मेल गेलेला नाही ना, तेवढं बघून घ्या, नाहीतर समोरचा पहिला तोच काढून दाखवेल.

दुबई_देवगड
मी दुबईच्या अल अवीर भाजी मार्केटच्या धंद्यात आहे. इकडे कांद्या-भाजीच्या मालात हे सर्रास चालतं, नाशवंत माल आहे, कागद मागून येतात, असं म्हणून पार्टी एजंटला एक लेटर ऑफ इन्डेम्निटी लिहून देते की काही झालं तर आम्ही भरू. एजंट पण ओळखीतला, देतो सोडून. पण ते पत्र त्या दोघांतलं आहे, बीएल ज्याच्या हातात त्याला त्याने काही फरक पडत नाही. मोठ्या जहाजमालकांचे पी अँड आय क्लबसुद्धा (त्यांचा विमा उतरवणारे) ओरिजिनल न घेता माल दिला तर त्याचं कव्हर सहसा देत नाहीत, यावरूनच समजा. अन् 'खराब निघाला' म्हणतोय तर सर्व्हे रिपोर्ट माग, रीफरचा टेम्परेचर डेटा माग. खराब माल अख्खा विकून डबा धुऊन परत करतात होय कोणी?

फोर्टातली_वकीलीण
तीन वर्षं हे आधी डोक्यातून काढून टाका. ती नेहमीच्या कराराच्या दाव्याची मुदत, पार्टीवर दावा लावायचा तर चालेल. माल वाहून नेणाऱ्याविरुद्ध घड्याळ वेगळं चालतं. साधा समुद्री बीएल असेल तर माल दिल्यापासून एक वर्ष. 1925 च्या कायद्यात तेच होतं अन् 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा समुद्री मालवाहतूक कायदा केला, त्यातही एक वर्षच ठेवलंय. काही जण म्हणतात ही मुदत माल खराब झाला किंवा हरवला तरच, भलत्याला दिला तर नाही. त्यावर फार विसंबू नका, 2023 मध्ये लंडनच्या कोर्ट ऑफ अपीलने 'जायंट एस' जहाजाच्या केसमध्ये भलत्याला दिलेल्या मालालाही एक वर्षच लावलं, अन् लाइनच्या बीएलवर इंग्लिश कायदा छापलेला असतो तो भरपूर ठिकाणी.

आता खरी मेख. तुमचा कागद फॉरवर्डरचा 'मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट डॉक्युमेंट' असेल, म्हणजे ट्रक अधिक जहाज, तर 1993 चा मल्टिमोडल कायदा लागतो अन् तिथे मुदत फक्त 9 महिने. बीएलवर 'प्लेस ऑफ रिसीट' (माल कुठे ताब्यात घेतला) चा चौकोन असतो, त्यात काय लिहिलंय ते वाचून सांगा.

वास्कोकर
जहाजच का नाही पकडत? आमच्या मुरगाव बंदरातलीच केस आहे, 'एम. व्ही. एलिझाबेथ'. 1984 च्या फेब्रुवारीत जहाज बीएल न देताच निघून गेलं, शिपर ओरडतोय की खरेदीदाराने पैसे दिले नाहीत, माल देऊ नका, तरी तिकडे माल देऊन टाकला. मग तेच जहाज विशाखापट्टणमला आलं तेव्हा आंध्र हायकोर्टाच्या ऑर्डरने अडकवलं. मालक परदेशी, तो म्हणाला 1861 च्या इंग्रजी कायद्यात फक्त बंदरात आणलेल्या मालाचं लिहिलंय, बाहेर नेलेल्या मालाचं नाही, तुम्हाला अधिकारच नाही. 1992 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उडवून लावलं. निफाडकरांची गोष्ट म्हणजे तीच की, फक्त आता डब्यातून.

फोर्टातली_वकीलीण
@वास्कोकर केस बरोबर आहे, आमच्याकडे ॲडमिरल्टीची (जहाजांच्या वादांचा कायदा) सुरुवातच तिच्यापासून होते. आता तर 2017 चा ॲडमिरल्टी कायदा आहे, 1 एप्रिल 2018 पासून लागू, मुंबई हायकोर्टात जहाज अडकवता येतं, त्याच मालकाचं दुसरं जहाज आलं तरी चालतं. पण हाउस बीएल असेल तर देणेकरी फॉरवर्डर, अन् त्याच्याकडे कुठलं आलंय जहाज? शिवाय अटक चुकीची ठरली तर नुकसान भरून देण्याची हमी कोर्ट तुमच्याकडून लिहून घेतं. आठ लाखांसाठी चार दिवस जहाज उभं करायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला.

निफाडकर_कांदा
ताई, बघितलं. वर फॉरवर्डरचं नाव, एमटीओ (मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट ऑपरेटर) रजिस्ट्रेशन नंबर, प्लेस ऑफ रिसीट निफाड. मागच्या बाजूला पोराने मोबाइलवर मोठं करून वाचलं तर 1993 चा उल्लेख आहे, कोर्ट मुंबई. टेलेक्स रिलीजचा एकही मेल आमच्याकडून नाही. ईसीजीसीची (एक्स्पोर्टच्या पैशांचा विमा देणारी सरकारी कंपनी) पॉलिसी आहे, त्यांच्याकडं जाऊ का?

फोर्टातली_वकीलीण
ईसीजीसीला आजच्या आज लेखी कळवा, पण एक लक्षात घ्या, खरेदीदाराने क्वालिटीचा वाद काढला की ते म्हणतात आधी तिकडच्या कोर्टाचा निकाल आणा. पार्टी 'खराब, खराब' म्हणते ती उगाच नाही. म्हणून तिच्याकडून पुरावा मागणारा मेल टाकून ठेवा.

फॉरवर्डरचं म्हणाल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून 9 महिने म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला संपतात, अन् आत्ता नोव्हेंबर चालू आहे, मधे नाताळची सुट्टी. दावा कमर्शियल कोर्टात जाईल, तिथे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची, सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये 'पाटील ऑटोमेशन' मध्ये सांगितलंय, तातडीचा आदेश मागायचा असेल तरच सूट. मध्यस्थीचा काळ लिमिटेशन ॲक्टच्या मुदतीतून वगळतात, पण ही 9 महिन्यांची मुदत वेगळ्या कायद्यातली, त्यावर समोरचा वकील भांडणारच. त्यामुळे मध्यस्थीचा अर्ज याच आठवड्यात टाका, डिसेंबरची वाट बघू नका.

अन् भरपाईच्या रकमेची मर्यादा म्हणून फॉरवर्डर काही सांगेल तर घाबरू नका. किलोला 2 एसडीआर (आयएमएफचं हिशोबाचं एकक) धरले तरी 29 टनाचे 58 हजार एसडीआर होतात, तुमची बाकी त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

उरणचा_सीएचए
नोटिशीत फॉरवर्डरकडं दोन गोष्टी मागाच दादा, मास्टर बीएलची कॉपी अन् दुबईच्या एजंटने पार्टीला दिलेल्या डीओची कॉपी तारखेसकट. नाही दिली तरी मागितल्याचं रेकॉर्ड राहतं. अन् ओरिजिनल तिन्ही सेट कुरिअरने कोणाला पाठवू नका, 'तपासून परत देतो' म्हटलं तरी नाही. स्कॅन द्या.

निफाडकर_कांदा
फॉरवर्डरच्या माणसाचा कालच फोन आला होता, सेट घेऊन वाशीच्या ऑफिसला या म्हणून. आता बघतो त्याच्याकडं.