ढगफुटी, वावटळ, चक्रीवादळ: कोणता शब्द कुठे वापरायचा?

चिंचोका: जरा धो धो पाऊस पडला की बातमीत 'ढगफुटी' येते, नाहीतर 'ढगफुटीसदृश'. याला काही माप आहे की नुसतं भडक मथळ्यासाठी?

पाणकळा: माप आहे. साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या टापूत एका तासात १०० मिमी किंवा जास्त पाऊस झाला, तर भारतीय हवामान विभाग त्याला ढगफुटी म्हणतो. १ मिमी म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. २० चौरस किलोमीटरचा हिशेब मांडा: तासाभरात २०० कोटी लिटर! डोंगरउतारावर एवढं पाणी मुरायला वेळच मिळत नाही, ते माती-दगडांसकट ओढ्यात उतरतं. दिवसभरात २२० मिमी पडला तरी तो संथ लयीत पडला असेल, तर ढगफुटी नव्हे.

'सदृश' मला सरसकट पळवाट वाटत नाही. साधा पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात. त्यातून २४ तासांची बेरीज कळते, ताशी वेग नाही. त्यासाठी स्वयंचलित यंत्र लागतं. आणि ढग दोन यंत्रांच्या मधल्या डोंगरावर फुटला, तर आकडा कुठून आणणार?

चिंचोका: मग अतिवृष्टी?

पाणकळा: ती निराळी. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेला की अतिवृष्टी. पंचनाम्याच्या कामाचा शब्द.

भिरभिरं: टोर्नेडोला 'वावटळ' लिहितात ते मात्र खटकतं. वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर उठते, डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी. टोर्नेडो गडगडाटी ढगाच्या तळातून खाली उतरतो. परिभाषेत 'घूर्णवाती वादळ' आहे, पण लोकांना टोर्नेडोच कळतो; तोच ठेवावा. चक्रीवादळ तर शेकडो किलोमीटर रुंद, समुद्रावर पोसलेलं, दिवसेंदिवस टिकणारं. टोर्नेडोचा खेळ बहुधा काही मिनिटांत आटपतो.

पाणकळा: भर घालतो. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रात वाऱ्याचा वेग ताशी ६२ किमीला पोचला की 'चक्रीवादळ', त्याआधी कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं तरी नाव मिळत नाही. ८९ ला 'तीव्र', ११८ ला 'अति तीव्र'. हा तीन मिनिटांचा सरासरी वेग. झोत याहून जोरकस असतात, म्हणून बातमीत 'ताशी १२०' वाचलं की आधी बघावं, सरासरी की झोत? दोन्हींची गल्लत झाली की वादळाची श्रेणीच बदलते.