पोळ्याच्या तोरणात ख्रिस्ती शेतकऱ्यानं बैल न्यावेत का?

कपाशीवाला, यवतमाळ जिल्हा

पिठोरी अमावस्या जवळ आली की आमच्या चर्चच्या मंडळीत दरवर्षी हा प्रश्न उठतो. पोळ्याला गावातल्या सगळ्या बैलजोड्या तोरणाखाली ओळीनं उभ्या राहतात. ख्रिस्ती घरची जोडी त्या गावच्या तोरणात न्यायची की नाही? पाळकसाहेबांनी उपासनेनंतर स्पष्ट सांगितलं की नेऊ नये. त्यांच्या मते पोळा म्हणजे बैलाची पूजा, आणि दहा आज्ञांपैकी पहिल्या दोन तिच्या आड येतात. त्यांचा मान ठेवूनच सांगतो, मला हे पटत नाही.

आमच्या घरात विश्वास आजोबांपासून आहे. रात्री जेवणाआधी 'उपासना संगीत'मधलं एक गीत, शास्त्राचा एक भाग आणि प्रार्थना. दिवसभर फवारणी करून अंग मोडलं तरी हे चुकत नाही. याच घरात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतो. वर्षभर त्या खांद्यांवर जू असतं. शब्बाथाच्या आज्ञेत विसावा सांगताना देवानं गुराढोरांचंही नाव घेतलं आहे. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नये, असं बायबलात अनुवाद २५:४ मध्ये आहे. मग एक दिवस बैलाला नांगराला न जुंपता धुऊन सजवून गावात फिरवलं, तर देवाचा अवमान कसा होतो?

मी आरती करत नाही. झडती, म्हणजे तोरणाखाली म्हणायची पोळ्याची गाणी, सुरू झाली, 'हर बोला' आलं की गप्प उभा राहतो. घरी आलो की अंगणात मोठ्यानं प्रार्थना, बैलांना पुरणपोळी, सालदाराला नवे कपडे. ख्रिस्ती शेतकरी आधी शेतकरी म्हणून गावात उभा दिसला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पहिली पिढी, मेळघाट

दादा, तुमच्या घरात विश्वास तीन पिढ्यांचा. आमच्याकडे तो माझ्यापासून सुरू झाला. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा सख्ख्या काकानं बोलणं सोडलं. देवपाटावरचं सगळं उतरवताना आई रडली होती. एवढं सोसून बाहेर पडलेला माणूस तुम्हाला तोरणाखाली बघतो, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल? पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ८ व्या अध्यायात हेच लिहिलं आहे. तुला मोकळीक असेल, पण तुझ्या मोकळिकीनं दुर्बळ भाऊ अडखळू नये.

तुम्ही गप्प राहता, ठीक आहे. सोबत हात धरून उभं असलेलं लेकरू गप्प राहतं का? सगळं गाव एका आवाजात ओरडतं, तिथे सात-आठ वर्षांचं पोर ओरडणारच. विश्वास घरातच शिकवायचा असतो. रात्री शास्त्र वाचून जे शिकवलं, त्याच्या उलट दुपारी शिकवू नये.

कपाशीवाला

तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. तरी नामानाची गोष्ट आठवा, दुसरे राजे, ५ वा अध्याय. अरामाचा सेनापती बरा झाला, इस्राएलाच्या देवावर विश्वास ठेवला आणि अलीशाला म्हणाला की माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा असावी. अलीशा म्हणाला, शांतीनं जा. संदेष्ट्यानं त्याला गाव सोड किंवा चाकरी सोड म्हटलं नाही.

पहिली पिढी, मेळघाट

नामानानं क्षमा मागितली होती, हक्क नव्हता सांगितला. वाकणं चूक आहे हे त्याला कळत होतं. तुम्ही तर हे चुकीचं नाहीच म्हणताय. शिवाय नामान राजाचा नोकर होता. तुमच्या दारातून बैल नेण्याची सक्ती कोण करतं?

वाशीमची सून

दोघंही शास्त्र सांगताय, पण या भांडणाचा भार घरात कोणावर पडतो ते कोणी बोलेना. पोळ्याला शेजारणीकडून ताट येतं. 'आम्ही घेत नाही' हे दारात तिला तोंडावर सांगायचं काम बाईचं. ठरवणारे मात्र उपासनेनंतर ओट्यावर बसलेले पुरुष.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९००. ती मधली वर्षं त्या घरात कशी गेली हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलं आहे. नवऱ्याचा निर्णय झाला म्हणून बायकोचा आपोआप झाला नाही. त्या त्यांच्या वेळेला, त्यांच्या पायांनी आल्या. म्हणून म्हणते, जोडी नेण्याआधी घरात विचारा. माझं मत विचाराल तर मी ताट घेते. देवाचे आभार मानून खाते आणि नाताळाला तिच्याकडे करंज्या पाठवते. पण तोरणाच्या बाबतीत मला मेळघाटच्या दादाचं म्हणणं जास्त पटतं. ताट हे शेजारधर्माचं असतं, तोरणाखाली मात्र पूजा मांडलेली असते.

गावकरी

मी हिंदू आहो, तुमच्या देवाधर्मात बोलू नये, पन रायवलं नाही. आमच्या गावात दोन घरं ख्रिस्ती आहेत. त्यातल्या बुढ्याची माती होती तवा कबर खोदाले आमीच गेलो. सोयाबीन कापाले माणसं भेटत नाहीत तवा तेच आमच्या वावरात येते. पोयाले त्यायची जोडी नसली तं तोरन उनं वाटते. तुमी झडती नोका म्हनू, टिळा नोका लावू, कोनी काही म्हनत नाही. पन याच्च नाही म्हनलं तं माणसाले लागते ना जी.

नागपूरकर पण गावचाच

तोरण सोडून दुसरी वाट आहे. आपल्याकडे कापणीच्या सणाला पहिला कापूस, तूर, ज्वारी, भाजीपाला मंडळीत आणतो, त्याचा लिलाव होतो. त्याच दिवशी जोड्याही चर्चच्या आवारात आणा, पाळकांनी प्रार्थना करावी, गावालाही बोलवा. आपण बोलावलं तर गाव येतं, हा माझा अनुभव आहे.

कपाशीवाला

कापणीच्या सणाला जोड्या आणायची सूचना मला फार आवडली, मंडळीत नक्की मांडतो. पण ती पोळ्याच्या जागी नको, पोळ्याशिवाय वेगळी हवी. आपण गावाला आपल्या आवारात बोलवायचं आणि त्यांच्या बोलावण्याला जायचं नाही, हे मला जमणार नाही. गावकरी भाऊ लिहितात त्या कबरीचं ओझं मी विसरू शकत नाही. आमच्याही घरच्या मातीला गावच आलं होतं.

वाशीमच्या ताई, घरात विचारलं. बायको म्हणते जोडी न्या, पण पोरगा झडत्या संपल्यावर, पोळा फुटला, म्हणजे जोड्या तोरणातून सुटल्या, की येईल. बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, मागायला तो घरोघरी जाईल. हे मी मान्य केलं.

पहिली पिढी, मेळघाट

वहिनींचं बरोबर आहे, लेकराचा माझा मुद्दा त्यांनी धरला. माझी जोडी मी तरी नेणार नाही. मंडळीतले नवीन लोक माझ्याकडे बघतात, आणि त्यांच्यातल्या एकाचंही मन मला डळमळू द्यायचं नाही. घरीच बैल धुतो, चारतो, जू टाकत नाही. कापणीच्या सणाचं ठरलं तर कळवा, दोन्ही बैल घेऊन येतो.