ड्रम फिरतो, पण हवा गार येते : व्हेंटेड ड्रायर घरी दुरुस्त करता येईल का?

मुलुंडकरीण

नमस्कार. आमच्या घरी सात वर्षांपूर्वी घेतलेला साडेपाच किलोचा ड्रायर आहे. तो व्हेंटेड प्रकारचा, म्हणजे कपड्यांतली वाफ नळीवाटे घराबाहेर सोडणारा आहे, आणि त्याच्या मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असे छापलेले आहे. सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून असल्यामुळे रोज किमान दोन चादरी आणि त्यांचे गाऊन धुवावे लागतात. जून ते सप्टेंबर वलणीवर टाकलेली चादर दोन दिवसांनीही ओलसरच राहते आणि तिला कुबट वास येतो, म्हणून हे यंत्र आमच्यासाठी चैनीची वस्तू राहिलेले नाही.

गेल्या महिनाभरात तेवढ्याच कपड्यांना सव्वा तासाऐवजी आधी दोन आणि मग अडीच तास लागू लागले. मंगळवारपासून ड्रम नीट फिरतो, पंख्याचा आवाज येतो, टायमरचे बटण आपोआप पुढे सरकते, परंतु हवा पूर्ण गार येते. दारातली लिंटची, म्हणजे कपड्यांतून सुटलेले तंतू अडवणारी, जाळी मी प्रत्येक वेळी साफ करते. एका मेकॅनिकने मागचे झाकण न उघडताच ‘कार्ड (यंत्र चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) गेले आहे’ असे सांगून साडेआठ हजारांचा खर्च सांगितला. परदेशी व्हिडिओंमध्ये पहिला सल्ला असा दिसला की दोन ब्रेकरपैकी एक पडला आहे का ते पाहावे; आमच्याकडे तर ड्रायरसाठी १६ अँपिअरचा एकच एमसीबी आहे. मला मल्टिमीटर वापरता येतो. कोठून सुरुवात करावी, हे कृपया सांगावे.

लालबागचा वायरमन

ताई, आधी त्या व्हिडिओंविषयी सांगतो. अमेरिकेत घरातला २४० व्होल्टचा पुरवठा १२० व्होल्टच्या दोन तारांवर विभागून येतो. तिथल्या ड्रायरची मोटार त्यांतल्या एकाच तारेवर, १२० व्होल्टवर चालते आणि हीटरला मात्र दोन्ही तारा मिळून २४० व्होल्ट लागतात. म्हणून एका बाजूचा पुरवठा तुटला तरी तिथे ड्रम फिरत राहतो आणि हवा गार येते. आपल्याकडे मोटार आणि हीटर या दोघांना एकाच फेज-न्यूट्रलवरून २३० व्होल्ट मिळतात. ड्रम फिरतो आहे, म्हणजे वीज यंत्रापर्यंत पोहोचली आहे आणि दोष आत, हीटरच्या वाटेवर आहे.

टायमरचे बटण स्वतः फिरत पुढे सरकते अशा साध्या यंत्रात पुष्कळदा कार्ड नसतेच. झाकण उघडून मीटर लावल्याशिवाय कोणताही भाग गेला असे म्हणणे मला योग्य वाटत नाही.

आधी बटण गार हवेच्या खुणेवर तर राहिलेले नाही ना, एवढे पाहून घ्या. नंतर प्लग सॉकेटमधून पूर्ण काढा. नुसता स्विच बंद करून काम करू नका. मोटारीजवळ दंडगोल आकाराचा कपॅसिटर दिसेल. प्लग काढल्यावरही त्यात काही काळ वीज साठलेली राहू शकते, म्हणून त्याच्या टोकांना हात लावू नका. मागचे झाकण उघडल्यावर हीटरच्या पत्र्याच्या डब्यावर नाण्याएवढ्या एकदोन गोल चकत्या दिसतील. त्यांतली एक थर्मोस्टॅट असते, जी तापल्यावर तुटते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. दुसरी थर्मल कटआउट असते, जी हद्दीबाहेर तापल्यास एकदाच तुटते आणि तशीच राहते. काही मॉडेलमध्ये तिच्या मधोमध छोटे बटण असते आणि ते दाबल्यावर ती पुन्हा जुळते.

मोजताना प्रत्येक भागाची किमान एक तार सोडवून घ्या, नाहीतर मीटर दुसऱ्याच वाटेने वाचन दाखवील. हीटरच्या कॉइलचा, म्हणजे तापणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, रोध हिशेबाने काढता येतो : २३० चा वर्ग ५२,९००, त्याला २००० ने भागले की सुमारे २६.५ ओहम. मीटरवर २५ ते २८ च्या आसपास आकडा आला तर कॉइल शाबूत आहे. काहीच आले नाही तर ती तुटली आहे. कॉइलचे टोक आणि यंत्राची बॉडी यांमध्येही मोजा. तिथे जोड दिसता कामा नये. दिसला तर यंत्र मुळीच सुरू करू नका. थर्मोस्टॅट आणि कटआउट गार असताना दोन्हींवर शून्याच्या जवळचे वाचन यायला हवे.

तारांच्या टोकांचे लग, म्हणजे तार भागाला जोडणारे धातूचे तुकडे, तेही नीट पाहा. हीटर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो आणि मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत लग गंजून ढिले पडतात. ढिला लग तापतो, काळा पडतो आणि शेवटी जळतो. मी उघडलेल्या कित्येक गीझरांमध्ये कॉइल चांगली आणि लग जळलेला, असेच निघाले आहे.

मुलुंडकरीण

मनापासून आभार. आज दुपारी सासूबाईंना झोप लागल्यावर झाकण उघडले. कॉइल २६.८ ओहम, बॉडीशी जोड नाही. थर्मोस्टॅट ०.३ ओहम. कटआउटवर मात्र मीटर काहीच दाखवत नाही आणि तिच्या मध्यभागी बटणही नाही. लग स्वच्छ आहेत. कार्ड कुठेही दिसले नाही.

नवा कटआउट येईपर्यंत दोन तारा एकमेकींना जोडून यंत्र चालवता येईल, असे शेजारच्या एकांनी सुचवले आहे. चादरींचा ढीग पाहता मोह होतो, म्हणून विचारते.

दादरकर काका

तसे कृपया करू नका, एका दिवसासाठीही नाही. बाकी सगळे अडले तरी आग टाळणारा शेवटचा पहारेकरी म्हणजे हा कटआउट. कपड्यांतून सुटलेले तंतू सुक्या कापसासारखे भुरकन पेटतात आणि ते हीटरच्या आसपासच साचतात. लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात ऑगस्ट २०१६ मध्ये एका उंच निवासी इमारतीला लागलेली आग ड्रायरमधूनच सुरू झाली होती. तुमच्या घरात तर जागेवरून उठू न शकणारी व्यक्ती आहे.

तोपर्यंतचा उपाय असा की कपडे धुण्याच्या यंत्रात चादरी जास्तीत जास्त वेगाने दुसऱ्यांदा पिळून काढा आणि पंख्याखाली पसरा. पुढेही ही सवय ठेवा. १ लीटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६७ युनिट वीज लागते, म्हणजे तुमच्या २००० वॅटच्या हीटरची किमान २० मिनिटे. पिळताना जेवढे पाणी निघून जाईल तेवढा ड्रायरचा वेळ आणि वीज दोन्ही वाचतात.

लालबागचा वायरमन

काकांशी पूर्ण सहमत आहे. आता एक गोष्ट लक्षात घ्या. कटआउट आपणहून क्वचितच जातो; त्याला कोणीतरी तापवले आहे. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिले होते की महिनाभर वाळायचा वेळ वाढत होता, आणि खरा पुरावा तोच आहे. हवा बाहेर पडेनाशी झाली की ओल आतच घुटमळते, कपडे वाळत नाहीत आणि हीटरची उष्णता वाहून न गेल्यामुळे डबा तापत राहतो. कारण न शोधता नवा कटआउट बसवला तर तोही जाईल.

दारातली जाळी नळाखाली धरून तिच्यावर पाणी ओता. पाणी लगेच झिरपायला हवे. ते वर साचून राहिले तर सॉफ्टनरचा न दिसणारा थर बसला आहे असे समजा आणि साबण लावून मऊ ब्रशने धुवा. मग नळी काढून पाहा. तिची लांबी किती आहे, वळणे किती आहेत आणि तिचे बाहेरचे तोंड कसे आहे?

मुलुंडकरीण

जाळीवर पाणी खरोखरच साचले. ती घासून धुतली. नळी सुमारे तीन मीटर, ॲकॉर्डियनसारख्या घड्यांची, दोन वळणे घेऊन सुक्या बाल्कनीच्या भिंतीतून बाहेर जाते. तोंडाशी हात पोहोचत नाही आणि आम्ही बाराव्या मजल्यावर आहोत.

आता आठवते की एप्रिलमध्ये कबुतरांनी नळीच्या तोंडात काड्या भरून घरटे करायला घेतले होते. बाल्कनीला जाळी बसवायला आलेल्या मुलांनीच ते काढून तिथे डासांची बारीक जाळी घट्ट बांधून दिली होती.

लालबागचा वायरमन

ताई, कारण बहुधा तेच आहे. नळीच्या तोंडावर बारीक जाळी कधीच बांधायची नसते. दारातल्या जाळीतून निसटलेले तंतू ओलसर होऊन तिच्यावर चिकटतात आणि महिना-दोन महिन्यांत तिचा घट्ट नमदा तयार होतो. तिथे हवेच्या दाबाने उघडणारी आणि यंत्र बंद होताच मिटणारी झडप हवी. मग कबुतरही आत येत नाही. खिडकीबाहेर मुळीच वाकू नका, दोरीवर उतरणाऱ्या प्रशिक्षित माणसांकडूनच ते काम करून घ्या. घड्यांच्या नळीऐवजी आतून गुळगुळीत असलेला धातूचा पाइप, शक्य तितका सरळ टाका. कटआउट घेताना जुन्यावर छापलेले अंश आणि अँपिअर जुळवून, कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानातूनच घ्या. लॅमिंग्टन रोडला मीटर उत्तम मिळतो, पण कटआउटच्या बाबतीत ‘हाही चालेल’ असे म्हणून दिलेला भाग घेऊ नका.

मुलुंडकरीण

काल काम पूर्ण झाले. बाहेरच्या जाळीवर बोटभर जाडीचा राखाडी थर होता आणि नळीच्या पहिल्या वळणात मूठभर लिंट निघाली. झडप, धातूचा पाइप आणि नवा कटआउट बसवला. आज त्याच दोन चादरी आणि गाऊन एक तास पाच मिनिटांत खडखडीत वाळले. सासूबाईंनी ऊन ऊन चादर गालाला लावून पाहिली. पाइपचे सांधे सध्या कापडी चिकटपट्टीने बंद केले आहेत.

लालबागचा वायरमन

वाचून फार बरे वाटले. तेवढी चिकटपट्टी मात्र बदला. उष्णतेने तिचा गोंद सुटतो. ॲल्युमिनियमची फॉइल टेप लावा आणि सांध्यात स्क्रू मारू नका, कारण आत आलेल्या टोकांवर तंतू अडकतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास एकदा पाइप काढून आत पाहा.