सायकलच्या दुकानातल्या पहिल्या नोकरीची वही: या सहा ओळींचा अर्थ लावून हवाय

वहीवाला

वडिलांची पहिली नोकरी सायकलच्या दुकानात. १९७९ ची उन्हाळी सुट्टी, सातारा, वय पंधरा. त्या दोन महिन्यांचं वहीत एकच पान आहे आणि त्यावर फक्त सहा ओळी. आता त्यांना विचारायची सोय राहिली नाही. ओळी जशाच्या तशा देतो:

१. आधी व्हॉल्व्हला थुंकी
२. छर्रे १०-१०, ९-९
३. डावा उलटा
४. कॉटर एका घावात
५. आऊट शेवटी
६. १२ ला १ सूत

सायकली सगळ्या काळ्या, २८ इंची चाकाच्या, दांड्यांच्या ब्रेकच्या होत्या. काही भाड्याच्या, काही दुरुस्तीला आलेल्या. ‘तेव्हा किती मजा होती’ वगैरे नको. हात कुठे ठेवायचा, हत्यार कुठलं, काय चुकतं, का चुकतं, ते सांगा. मी गिअरच्या सायकलींवर वाढलोय, त्यामुळे मला काहीच येत नाही असं धरून लिहा.

जुना पाना

पहिली ओळ पंक्चरची वाटते, पण ती पंक्चर *नसल्याची* आहे.

‘हवा जातेय’ म्हणून सायकल आली की टायर उघडायच्या आधी व्हॉल्व्ह बघायचा. त्या व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग नसे. आत पितळेची बारीक नळी, तिच्या कडेला एक भोक, आणि त्या भोकावर चढवलेलं पातळ नळीसारखं रबर. त्या रबराला व्हॉल्व्ह ट्यूब म्हणतात. पंपाची हवा रबर उचलून आत शिरते, आणि आतली हवा तेच रबर दाबून भोक बंद ठेवते. एवढंच यंत्र. उन्हानं रबर कडक होतं, भोकापाशी चिरतं, आणि रात्री टणक असलेलं चाक सकाळी बसलेलं दिसतं. म्हणून बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर ठेवायची. बुडबुडा फुगला की रोग कळला. नट सोडवून आतली नळी काढायची, जुनं रबर ओढून टाकायचं, इंचभर नवा तुकडा ओला करून चढवायचा. तो भोक झाकून वरच्या जाड भागापर्यंत गेला पाहिजे. कोरडा चढवला तर सुरकुती पडते आणि सुरकुतीतून हवा जाते. आखूड कापला तर भोक नीट झाकलं जात नाही. हे न बघता नव्या पोरानं टायर उघडलं तर अर्धा तास फुकट, शिवाय काढता-घालताना ट्यूबला नवं भोक पडायची शक्यता.

खरं पंक्चर असेल तर चाक काढायचं नाही. टायर एका बाजूनं रिमवरून उतरवून ट्यूब बाहेर ओढायची, थोडी हवा भरायची आणि घमेल्यातल्या पाण्यातून वीत-वीत पुढे सरकवायची. एक भोक सापडलं तरी फेरी पूर्ण करायची. खड्ड्यात आपटून ट्यूब चिमटली असेल तर भोकं जोडीनं असतात.

मग कानशीनं किंवा पॉलिश पेपरनं घासायचं, ठिगळाहून अंगठाभर मोठी जागा. ट्यूबवर जी उभी उंच रेघ असते ती घासून सपाट झालीच पाहिजे, नाहीतर त्या रेघेच्या कडेनं हवा वाट काढते. सोल्युशन पातळ लावायचं आणि वाळू द्यायचं, तीन ते पाच मिनिटं. सगळं बिघडतं ते इथे. ओल्यावर ठिगळ दाबलं की आतला द्राव उडून जायला जागा उरत नाही, ठिगळ घसरतं किंवा दोन दिवसांनी कड सोडतं. बोटाच्या मागच्या बाजूनं हलकं टेकवून बघायचं: चिकट लागलं पण ओलं नाही, की लावायचं. ठिगळ जुन्या ट्यूबचं कापलेलं असेल तर त्यालाही घासून सोल्युशन लावायचं, आणि कोपरे गोल. टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलतो.

ट्यूब आत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवायचं, हळू. बाभळीचा काटा आत तसाच राहिला तर तेच गिऱ्हाईक चौकातून परत येतं. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर काटा शोधूच नका. रिमवरची पट्टी सरकलीय आणि एखाद्या स्पोकचं टोक वर आलंय. ते कानशीनं घासायचं.

टायर बसवताना सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं, शेवट व्हॉल्व्हपाशी, आणि शेवटचा टप्पा अंगठ्यांनीच. तिथे लोखंडी पट्टी घातली की ट्यूब चिमटते.

रॉकेलचा डबा

दुसरी ओळ ओव्हरहॉलिंगची. (पाट्यांवर ‘ओव्हरऑयलिंग’ लिहिलेलं असायचं. सगळीकडे तेल घालायचं म्हणजे ओव्हरऑयल, यात तसं खोटं काही नाही.)

पुढच्या चाकाच्या हबमध्ये (चाकाचा मधला भाग, ज्यातून ॲक्सल जातो) ३/१६ इंची छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या पोलादी गोळ्या, एका बाजूला १०. मागच्या हबमध्ये १/४ इंची, एका बाजूला ९. म्हणजे १०-१० आणि ९-९. हे पिंजऱ्यात बसवलेले नसत, सुटे असत. ॲक्सल ओढला की टपाटप खाली. म्हणून खाली ताटली धरूनच कोन (ॲक्सलवरचा, छऱ्यांना दाबून धरणारा निमुळता नट) सोडवायचा आणि मोजूनच पुढे जायचं. पुढचे-मागचे एका ताटलीत मिसळले तर निवडताना तास जातो, कारण फरक फक्त १/१६ इंचाचा, आणि काळ्या ग्रीसमध्ये तो डोळ्याला दिसत नाही.

सगळं रॉकेलमध्ये धुवायचं, फडक्यानं कोरडं करायचं, हबच्या वाटीत (छर्रे बसतात त्या खोलगट जागेत) ग्रीस भरायचं आणि छर्रे एकेक करून त्यात रोवायचे. ग्रीस इथे डिंकाचं कामही करतं. वाटीत थोडी जागा मोकळी दिसते आणि हात शिवशिवतो, अजून एक बसेल म्हणून. तो बसवायचा नाही. ठासून भरले की छर्रे फिरायचे सोडून एकमेकांना घासतात. दुसरी चूक, एक-दोन हरवले म्हणून जुन्यांत नवे मिसळणं. झिजलेल्यांपेक्षा नवे किंचित मोठे, त्यामुळे सगळा भार त्या दोघांवरच, आणि कोनवर खळगे पडतात. बदलायचे तर पूर्ण बाजू.

कोन हातानं पूर्ण आवळायचा, मग पाव फेरा मागे. वरचा नट आवळताना तो पुन्हा थोडा घट्ट होतो, हे धरूनच मागे घ्यायचा. परीक्षा साधी: चाक उचलून सोडलं की व्हॉल्व्हच्या वजनानं ते आपोआप डुलत डुलत व्हॉल्व्ह खाली येऊन थांबलं पाहिजे. मध्येच अडलं तर कोन घट्ट. रिम धरून आडवी हलवली आणि टकटक लागली तर सैल.

वहीत क्रँकच्या (पॅडल ज्या दांड्याला लागतं त्याच्या) ॲक्सलचे छर्रे नाहीत. तिथे १/४ इंचीच, पण सुटे असले तर ११-११. दोन महिन्यांच्या पोराला ते उघडू दिलं नसावं, असा माझा अंदाज.

वहीवाला

ताटलीचा उलगडा झाला. घरात एक चेपकी ॲल्युमिनियमची ताटली आहे, तिच्यात कुणी कधी जेवलेलं नाही. आता तीन आणि चार?

उलटे आटे

‘डावा उलटा’ म्हणजे डाव्या पॅडलचे आटे उलटे. उजवं पॅडल नेहमीसारखं, घड्याळाच्या दिशेनं घट्ट. डावं त्या दिशेनं *सुटतं*. हे माहीत नसलेला पोरगा डावं पॅडल सोडवायला म्हणून पान्यावर उभा राहतो आणि ते आणखी आवळतो. मग हातोडी, मग क्रँकचे आटे गेले. दिशा पाठ करण्यापेक्षा हे लक्षात ठेवा: पॅडल वरच्या बाजूला आणून पाना उभा लावा आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकला. दोन्ही पॅडलं तशीच सुटतात.

उलटे आटे हौसेनं दिलेले नाहीत. पायाचा भार पॅडलच्या पिनेभोवती गोल फिरत राहतो आणि प्रत्येक फेऱ्यात पिनेला केसभर सरकवतो. डावीकडे सरळ आटे दिले तर सायकल चालवता चालवता पॅडल सुटून हातात येईल. मात्र हा नियम पॅडलपुरता. क्रँकच्या ॲक्सलच्या वाट्यांत प्रकार बरोबर उलट: तिथे *उजवी* वाटी उलट्या आट्यांची असते. रॉकेलचा डबा म्हणतात ते मला पटतं, ती बाजू पोराच्या हाती दिलेली नाही, नाहीतर वहीत सातवी ओळ आली असती.

कॉटर म्हणजे क्रँक आणि ॲक्सल यांना जोडणारी तिरपी पिन. एका अंगाला उतार घासलेला, दुसऱ्या टोकाला आटे नि नट. क्रँक धरून ठेवते ती पाचर, नट नव्हे. नट फक्त पाचर मागे सरकू देत नाही. काढताना नट पूर्ण काढायचा नाही. पिनेच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच सैल करायचा, म्हणजे घाव नटावर पडतो आणि आटे वाचतात. क्रँकच्या खाली जाड लोखंडी नळी उभी टेकवायची, जमिनीपर्यंत. पिनेचं डोकं त्या नळीच्या पोकळीत सुटं राहिलं पाहिजे. हा टेका नसेल तर सगळा मार खालच्या छऱ्यांना आणि वाट्यांना बसतो. मग जड हातोडीचा *एक* नेमका घाव.

हळूहळू टकटक केली की पिनेचं टोक चेपून भुईछत्रीसारखं पसरतं. ते मग भोकातून मागे येत नाही, वाकतं, आणि शेवटी ड्रिल मारावं लागतं. नवी बसवताना दोन्ही कॉटर एकमेकींच्या उलट दिशेनं घालायच्या, एकीचा नट वर आला तर दुसरीचा खाली. दोन्ही एकाच बाजूनं घातल्या तर क्रँक एका रेषेत येत नाहीत, पाय लंगडा पडतो. ठोकून बसवायची, मग नट आवळायचा, आणि सायकल दोन-चार दिवस चालली की पुन्हा एकदा.

निपल चावी

‘आऊट काढणं’ म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करणं. या सायकलींत पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक. सायकल उलटी ठेवायची, चाक फिरवायचं, हात चिमट्यावर (चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्यांवर) टेकवून खडू रिमच्या अगदी जवळ धरायचा. जिथे खडू उमटला तिथे रिम त्या बाजूला आलीय. ती डावीकडे आली असेल तर त्या भागातले उजव्या हबकडून येणारे स्पोक अर्धा फेरा घट्ट, डावीकडचे तेवढेच सैल. फक्त घट्ट करत गेलं तर चाक आधी अंड्यासारखं होतं आणि मग निपल (स्पोकच्या रिमकडच्या टोकावरचे बारीक नट) सोलतात. एका स्पोकला एका वेळी अर्ध्या फेऱ्याहून जास्त नाही, आणि पुढे पुढे पावच.

नव्या हाताची हमखास चूक दिशेची. निपल टायरच्या बाजूनं बघितलं तर घड्याळाच्या दिशेनं घट्ट होतं, पण काम करताना आपण बघतो हबच्या बाजूनं, तिथून ते उलटं दिसतं. पोरगा सैल करायचं ते आवळतो आणि आऊट दुप्पट होते. म्हणूनच हे काम शिकवायच्या क्रमात शेवटी. पंक्चर फसलं तर एक ठिगळ जातं, आऊट फसली तर रिम जाते.

जुना पाना

क्रम शिकवण्याचा असेलही, पण ‘शेवटी’चा अर्थ मी वेगळा लावतो. एकाच सायकलवरसुद्धा आऊट शेवटीच काढतात. हबचा कोन सैल असेल तर सरळ चाकही डोलतं आणि आऊट असल्यासारखं दिसतं. आधी छर्रे-कोन, मग निपलला हात. शिवाय दांड्यांच्या ब्रेकला आडवी आऊट तितकी जाचत नाही. ते रबर रिमच्या कडेवर नाही, आतल्या अंगावर, हबकडच्या बाजूला टेकतं. त्यामुळे तिथे उभी आऊट, म्हणजे रिमचं वर-खाली होणं, आधी बघायची. रिम हबकडे दबलेली असेल तर दर फेऱ्याला ब्रेक एकदा पकडतो आणि दांडे खडखडतात.

निपल चावी

उभ्या आऊटचं मान्य. दबलेल्या जागी दोन्ही बाजूंचे स्पोक सारखेच सैल करायचे, समोरच्या अंगाला तितकेच घट्ट. खड्ड्यानं रिम चेपली असेल तर नुसत्या स्पोकनं ती परत येत नाही. तिथले स्पोक सैल करून, लाकडाचा ठोकळा धरून आतून ठोकावी लागते. सगळं झाल्यावर स्पोक बोटानं छेडत जायचं. आवाज बद्द आला तो सैल राहिलेला. आणि काम संपल्यावर वर आलेली टोकं घासली नाहीत तर ‘जुना पाना’ यांनी लिहिलेलं ते रिमकडचं पंक्चर तुम्हीच तयार केलंत.

वहीवाला

तुमच्या दोघांच्या वादामुळे पाचव्या ओळीला दोन अर्थ मिळाले, दोन्ही लिहून ठेवतो. राहिली सहावी. देशात मेट्रिक मापं तर १९५६ च्या कायद्यानं आली, मग १९७९ मध्ये सूत कसं?

रॉकेलचा डबा

सोनीपतची ॲटलस (१९५१) घ्या की लुधियानाची हिरो (१९५६), काळ्या सायकलींची मापं इंग्लिशच राहिली. सुटे भाग इंचात, म्हणून दुकानही इंचात नि सुतात. एका इंचाची आठ सुतं. पुढचे छर्रे दीड सुती, मागचे दोन सुती.

‘१२ ला १ सूत’ ही चेनची परीक्षा. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच. म्हणजे एका पिनेच्या मध्यावर पट्टीचं शून्य ठेवलं तर २४ घरं पुढची पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती सूतभर पुढे गेली की चेन बदलायची. लोक म्हणतात चेन ताणली, पण पट्ट्या ताणत नाहीत, पिना आणि त्यांची भोकं झिजतात. मापायच्या आधी चेन रॉकेलनं धुवायची आणि ताठ ओढून धरायची, नाहीतर माप खोटं येतं. त्याच वेळी फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे) दात बघायचे. ते आकड्यासारखे वाकले असतील आणि तुम्ही नुसती चेन बदलली, तर नवी चेन चढावर दात सोडते.

चाक मागे ओढून चेन आवळताना मधोमध बोटानं वर-खाली अर्धा इंच हलेल इतकी ढील ठेवायची. क्रँक पूर्ण फिरवून जिथे चेन सगळ्यात घट्ट येते तिथे मोजायची. आणि जोडाच्या कडीवरची क्लिप बसवताना तिचं मिटलेलं तोंड चेन ज्या दिशेला धावते तिकडे, उघडं तोंड मागे. उलटी बसवली तर चेनकव्हरला घासून ती निघते.