‘बाराक्षार’: बारा कुठले आणि क्षार कसले?

आजीच्या कपाटात पांढऱ्या गोळ्यांच्या बाटल्यांचा डबा असे. नेट्रम मूर, फेरम फॉस, कल्केरिया फॉस... ही बायोकेमिक उपचारातली बारा औषधं, सगळ्याला मिळून नाव ‘बाराक्षार’. यातला क्षार म्हणजे पापडखारातलाच खार का?

– नाही. हा शाळेतल्या रसायनशास्त्राचा क्षार: आम्ल आणि आम्लारी मिळून होतो तो. हिंदीत त्याला लवण म्हणतात, आणि क्षार म्हणजे अल्कली. आयुर्वेदातला यवक्षार राखेतून काढतात. पापडखार त्या गोतातला. तरी बारातला सिलिशिया कोणत्याच अर्थाने क्षार नव्हे. ती वाळूतली सिलिका. म्हणजे खरे क्षार अकराच!

– अकरावरून आठवलं. बारा क्षारांची ही बायोकेमिक उपचारपद्धत मांडणारे जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गचे होमिओपॅथ डॉ. शूस्लर (१८२१–१८९८). त्यांनी आधी बारा धरले, पण पुढे कल्केरिया सल्फ स्वतःच काढून टाकलं. (सिलिशिया मात्र ठेवला.) बारावर खरा जीव अमेरिकेतल्या जॉर्ज वॉशिंग्टन केअरीचा (१८४५–१९२४). हा आधी पोस्टमास्तर, चाळिशीनंतर औषधांकडे वळलेला. १८९४ मध्ये त्याने बायोकेमिकवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि १९१८ मध्ये थेट राशींना क्षार वाटून दिले: मेषेला काली फॉस, सिंहेला मॅग फॉस, मकरेला कल्केरिया फॉस, मीनेला फेरम फॉस. शूस्लरनी काढलेलं कल्केरिया सल्फ वृश्चिकेला! अकरा घेऊन त्याचं भागणार कसं? एक रास उपाशी राहिली असती. प्रयोगबियोग काही नाही, जुळवाजुळव.

– मग माझी वृषभ रास, मला नेट्रम सल्फ?

– थांबा, इथे ‘रास’ शब्दच फसवतो. आपण रास म्हणतो ती चंद्राची, निरयन (ताऱ्यांवरून मोजलेली). केअरीची सूर्याची, सायन (वसंतसंपातापासून मोजलेली). पत्रिकेतली वृषभ त्याच्याकडे चालणार नाही, जन्मतारीख लागेल.

– समासाचं कुणी बोललं नाही. बारा क्षारांचा समूह, म्हणून द्विगू, लिहायचं जोडूनच. ‘बारा’ तद्भव आणि ‘क्षार’ तत्सम, म्हणून कुणी ‘द्वादशक्षार’ सुचवेल. नको. दुकानात जाऊन तसं मागून बघा.

– दुकानात आता ‘बाराक्षार’ म्हटलं तरी पोरगा बघत राहतो. ‘बायोकेमिक, सिक्स एक्स’ (औषध किती विरळ केलंय त्याचं माप) म्हणावं लागतं.