अनुभव धागा : बडोदं आपलं कधी वाटायला लागलं?

लग्न होऊन मी साताऱ्याहून बडोद्याला आले ती २००९ साली. घर दांडिया बाजारात, म्हणजे आजूबाजूला मराठी भरपूर. तरी पहिले काही महिने पाहुण्यासारखीच वावरत होते. नळाला पाणी सकाळी जेमतेम पाऊण तास. शेजारच्या मासी पाणी आलं की रोज आमची कडी दोनदा वाजवायच्या. "पाणी आवी गयुं, वहू!" एवढंच. मी दार उघडेपर्यंत त्या परत गेलेल्याही असायच्या. एकदा म्हटलं, मासी, रोज कशाला त्रास घेता? तर त्या गोंधळल्याच. स्वतःचा हंडा लावायचा आणि आमची कडी वाजवायची, हे त्यांच्या लेखी एकच काम होतं.

'गृहीत धरणं' हे आपण तक्रारीच्या सुरात म्हणतो. मला मात्र कोणीतरी गृहीत धरलंय याचा त्या दिवशी फार आनंद झाला.

मोठ्या उपकारांबद्दल नको, अशा साध्यासुध्या वागण्याबद्दल लिहा.

प्रतिसाद १

मी नांदेडचा, महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलो. रविवारी रात्री मेस बंद, म्हणून सेवउसळ ठरलेली. एकदा गाडीवाल्या काकांचे पाव संपले. "बे मिनिट गल्लो साचवजे" म्हणाले आणि निघालेसुद्धा. समोर उकळतं पातेलं, गल्ल्यात दिवसभराची कमाई, आणि तीन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघतायत. घाबरत घाबरत उसळीवर तरी ओतली, शेव घातली, कांद्याची पात भुरभुरवली. काका आले, एका प्लेटमध्ये डोकावले. "तरी ओछी छे", म्हणजे कमी आहे, एवढंच म्हणाले. पैसे मोजले नाहीत. त्या रात्री फोनवर आई म्हणाली, आज तुझा आवाज वेगळा येतोय.

प्रतिसाद २

ऑगस्ट २०२४चा पूर. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट आणि नदी तिच्या कितीतरी वर. आम्ही अकोट्यात, तळमजल्यावर. तिसऱ्या मजल्यावरच्यांशी तोवरचा संबंध म्हणजे गाडी लावण्यावरून दोनदा झालेली बोलाचाली. जिन्यातून हाक मारली ती त्यांनीच.

वीज गेलेली, फ्रिज बंद, आणि बाबांचं इन्सुलिन माझ्या हातातल्या पिशवीत. त्यांच्या बांनी, म्हणजे आईंनी, एक लहान मडकं रिकामं केलं, त्याला ओलं फडकं गुंडाळलं, बाटली डबीत घालून आत ठेवली आणि मडकं खिडकीच्या वाऱ्याला लावलं. फडकं वाळू नये म्हणून बा रात्रीसुद्धा उठायच्या. आम्ही नऊ माणसं पिण्याचं पाणी पेल्याने मोजत होतो. त्यातूनच फडक्याचा वाटा निघायचा. कोणी काही बोललं नाही. मदतीसाठी लावलेले फोन उचलले गेले नाहीत, त्याचा राग अजून आहे, पण तो इथे नको. गाड्यांचं म्हणाल, तर आता दोन्ही घरांच्या किल्ल्या एकमेकांकडे असतात.

प्रतिसाद ३

पहिली नवरात्र, गरब्याच्या कडेला उभी होते. एका अनोळखी काकूंनी हात धरून आत ओढलं. "बे ताली, बस!" त्यांचं नाव आजही माहीत नाही.

प्रतिसाद ४

मी उलट्या बाजूचा. आमच्या पाच पिढ्या बडोद्यातच. पुण्यात गेलो की आमच्या मराठीला हसतात. आजी वाचायला शिकली ती सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं म्हणून. तिच्या उतारवयात मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तकं आणायचं काम माझ्याकडे होतं. तिथले एक गुजराती भाई, मराठी त्यांना बेताचंच यायचं. पण मी बारीक टाइपाचं पुस्तक उचललं की हातातून काढून घ्यायचे. "आ नहीं, बानी आंखो दुखशे." मग स्वतः कपाटाशी जाऊन मोठ्या अक्षरांचं शोधून द्यायचे. आजीला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

प्रतिसाद ५

सगळं वाचलं आणि थोडं रडूही आलं. भायलीकडच्या नव्या इमारतीत येऊन आठ महिने झाले. लिफ्टमध्ये सगळे फोनकडे बघतात. माझ्याकडे अजून असं सांगण्यासारखं काही नाही. तेही लिहावंसं वाटलं.

धागाकर्ती

बरं झालं लिहिलंत. मासी आता नाहीत. वर नवी भाडेकरू आलीय, तिची कडी मी वाजवते. तुमची फार लांब पडते, म्हणून दुसरं सांगते. आमच्याकडे दर संकष्टीला आरतीला पंधराएक माणसं जमतात. झांजा माझा मुलगा वाजवायचा. तो शिकायला बाहेरगावी गेला, त्यामुळे दोन महिने आरती नुसत्या टाळ्यांवर चाललीय. चंद्रोदयाच्या अर्धा तास आधी या. पत्ता निरोपात पाठवते. चपला जिन्याखालीच काढा, वर जागा नाही. झांजा काढून ठेवते.